बिनब्रेकचा घाट

मी देवाविषयी लिहायला बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आईनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं उचलून दिले. त्यानंतर गंडेदोरे, नवस, अंगात येणं यांच्याविरुद्ध अमरावतीच्या भिंतींवर जी पत्रकं चिकटली, त्यांतली निम्मी माझी आहेत. मी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. लिहायचं मी, जुळवायचं मी आणि रविवारी सकाळी सायकलवर फिरून डकवायचंही मीच. ‘चमत्कार’ हा शब्द मी जितक्या वेळा जुळवला तितक्या वेळा त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह बसवलं. म्हणून चिखलदऱ्याच्या घाटात माझ्या बाबतीत जे झालं ते सांगायला मला वर्षाहून जास्त लागलं. आपलेच लोक म्हणतील, हाही गेला त्या वाटेला. आणि ज्यांना मी झोडपलं ते म्हणतील, आला का ठिकाणावर! दोघांनाही तसं म्हणू द्यायची माझी इच्छा नव्हती. शेवटी आई म्हणाली, “जसं झालं तसं लिव ना बाबू. भाषन देऊ नको.” तसा प्रयत्न करतो. भाषणाची खोड मध्येच उफाळली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शहरात एक सायकल मंडळ आहे. दर हिवाळ्यात ते चिखलदऱ्याहून घाट उतरून खालच्या जंगल नाक्यापर्यंत सायकलींची शर्यत भरवतं. अर्जावर मंडळाच्या दोन सभासदांची शिफारस लागायची, आणि सभासद सगळे एकाच आळीतले, एकाच पंगतीतले. तीन वर्षं मी अर्ज केला. तीन वर्षं तो ‘शिफारस नाही’ असा शेरा घेऊन परत आला. शिफारस! उतारावरून सायकल सोडायला माणसाला कोणाची शिफारस लागावी? चौथ्या वर्षी मी अर्जाबरोबर पत्रकही काढलं. मथळा होता, ‘घाट कोणाच्या बापाचा?’ एक मंडळाच्या दारावर लावलं, एक थेट चिटणिसांच्या फाटकावर.

चिटणिसांनी बोलावून घेतलं. पिकल्या मिशांचे, मास्तरकीतून मोकळे झालेले गृहस्थ. त्यांनी बसायला सांगितलं नाही, पण आवाजही चढवला नाही. “तू एकटा ये,” ते म्हणाले. “सायकलीवर बसून नाक्यापर्यंत पोचलास तर पुढच्या वर्षीपासून शिफारशीची अट काढतो. तुझ्या वस्तीतल्या कोणीही यावं. नाही पोचलास तर मात्र हे पत्रकांचं थांबव.” नियम सोपे होते. वाटेत थांबलं तरी चालेल, पंक्चर काढलं तरी चालेल. पण सायकल हाती धरून पायी उतरला, किंवा कुठल्या गाडीत घातली, की बाद. म्हणजे माझ्यापुढं पहिल्या नंबराचा प्रश्नच नव्हता. बसून खाली पोचायचं, एवढंच. पण वस्तीत चार-पाच जण असे होते की ज्यांच्या मांडीत माझ्यापेक्षा दुप्पट बळ होतं. त्यांचं दार उघडायचं की कायमचं लागायचं, हे माझ्या एका उतरण्यावर येऊन ठेपलं. विहारात त्या आठवड्यात जो भेटला तो हेच म्हणाला, “पोचजो पण, भाऊ.”

माझी सायकल तिसऱ्या हाताची, लोखंडी कांड्यांच्या ब्रेकची. तिच्या हँडलला वर्षभर पत्रकं डकवायच्या खळीची बादली लटकलेली. चिंचोक्याची खळ हिंदकळते, रिमवर सांडते आणि वाळून दगड होते. ब्रेक दाबला की चाक आचके देत थांबायचं. म्हणून वर जायच्या आदल्या संध्याकाळी मी छापखान्याच्या मागच्या अंगणात तिला उलटी केली आणि आम्ही टाइप धुतो तशी धुतली. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून रिमा घासल्या. ब्रेकचे चारही रबर काढले आणि तेही रॉकेलच्या ताटलीत भिजत टाकले, कारण खळ त्यांनाही लागली होती. मग मशीन पुसायच्या तेलकट फडक्यानं सगळं पुसून काढलं. चाकं अशी चमकली की आमचे फोरमन म्हणाले, “नवी घेतली काय गा?” आमच्या धंद्यात स्वच्छता म्हणजे रॉकेल आणि तेल. दुसरी रीत मला ठाऊक नव्हती. घरी येताना सपाट रस्त्यावर ब्रेक लागला तेवढा पुरे वाटला.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ट्रकमधून आम्हा आठही स्पर्धकांच्या सायकली वर गेल्या आणि एका बंगल्याच्या व्हरांड्यात मंडळाच्या माणसांच्या राखणीत राहिल्या. हे मी मनात नोंदवून ठेवलं. असल्या गोष्टी नोंदवून ठेवायची मला सवय आहे. सकाळी धुकं फाटून ऊन पडलं आणि आम्हाला सोडलं. सुरुवातीचा रस्ता चढउताराचा, त्यात मी चांगला तिसरा होतो. मग घाट लागला. पहिलं वळण मोठं होतं, निभावलं. दुसऱ्या वळणाआधी मी दोन्ही ब्रेक दाबले तर रबर रिमवरून नुसते सरकत गेले. आचका नाही, घासल्याचा आवाजसुद्धा नाही. मुठी हँडलला टेकेपर्यंत दाबल्या, सायकल उलट जोरात. डाव्या हाताला दरी आणि दरीत अजून धुकं भरलेलं. मी पाय टेकवला. कॅनव्हासच्या बुटाचा तळ असा तापला की टाच भाजली. पुढचं वळण दिसलं तेव्हा मी विचार केला नाही, हँडल उजवीकडे डोंगराच्या अंगाला फिरवलं. नालीत चाक गेलं आणि मी रायमुनियाच्या झुडपात.

कोपर सोललं होतं, बाकी शाबूत होतो. मागून येणाऱ्यांतला एक थबकला. “लागलं का रे? थांबू?” मी “जा तुम्ही!” असा ओरडलो की तो बिचारा गेलाच. आता लिहिताना त्याची माफी मागावीशी वाटते. पण त्या क्षणी मला खात्री होती की हे त्यांचंच काम आहे. रात्रभर सायकल कोणाच्या ताब्यात होती? आपला माणूस खाली पोचू नये असं कोणाला वाटत होतं? झुडपात पडल्या पडल्याच मी पत्रक जुळवायला लागलो. मथळा सर्वांत मोठ्या टायपात, ‘ब्रेक कोणी बिघडवले?’ खाली तीन प्रश्न, चौथी ओळ चिटणिसांना उद्देशून. खरं सांगतो, त्या पत्रकानं मला बरं वाटलं. दुखणं थांबलं. राग ही फार उबदार गोष्ट आहे, थंडीत तर जास्तच.

मग आजूबाजूला शांत झालं. सगळे पुढे निघून गेले होते. मी उठून सायकल उभी केली. पत्रक निघेल, सभा होईल, घोषणा होतील. पण नाक्यावर मी पोचणार नव्हतो, आणि दार लागणार होतं. पायी उतरलो तर बाद. बसून उतरलो तर पुढच्या वळणाला दरी. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. आणि तोंडातून आपोआप निघालं, बुद्धं सरणं गच्छामि. वस्तीला वंदना शिकवणारा मी. दर पौर्णिमेला पुस्तकातून खणखणीत म्हणून दाखवणारा. त्या दिवशी एक ओळ म्हणालो आणि पुढची आठवेना. तीच ओळ परत म्हणालो. मागायचं काही नव्हतं. आमच्यात मागत नाहीत, हे मीच दहादा लिहिलंय. आपल्या हातात आता काही उरलेलं नाही, एवढंच मला कळत होतं. आणि ते कबूल करायला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटत नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही.

वरून खरखर असा आवाज आला. लाकूड रस्त्यावरून ओढत आणल्यासारखा. वळणावरून बैलगाडी आली, बांबूंनी लादलेली, आणि तिच्या मागे दोरानं बांधलेला एक ओंडका फरफटत येत होता. घाट उतरताना गाडीवान हेच करतात. ओंडका घासतो, गाडी बैलांच्या अंगावर चढत नाही. मी हे लहानपणापासून पाहिलेलं होतं आणि कधी नीट पाहिलं नव्हतं. गाडीवान साठीचा असेल, डोक्याला मळकं फडकं, गळ्यात काही नाही. त्यानं बैल थांबवले, चाकाला धोंडा लावला आणि हात जोडले. “दंडवत. काहून बसला गा इथसा? जीव वर आला काय?”

दंडवत म्हणजे महानुभाव पंथाचा माणूस. त्यांच्यावरही माझं एक पत्रक होतं. त्यानं पाण्याची तुंबी पुढं केली. मी हात पुढं करायच्या आधी, सवयीनं, जरा भांडणाच्याच सुरात सांगितलं, “मी बौद्ध आहे.”

“बरं मंग?” तो म्हणाला. “तहान लागली का नाई, थे सांग.”

मी पाणी प्यालो. मग ब्रेक दाखवले, शर्यतीचं सांगितलं आणि कोणी घात केला तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाली वाकला, रबराला बोट लावलं, ते नाकाशी नेलं. “रॉकेल हाय हे. अन् तेल. असं बुळबुळीत कोनं केलं?” आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला हसू फुटलं, कारण उत्तर तिथं छापलेलं होतं. रबर फुगून गुळगुळीत झाले होते. अंगण, ताटली, तेलकट फडकं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. मी इतका वेळ ज्या शत्रूवर पत्रक लिहीत होतो तो माझ्याच बुटांत उभा होता.

“मातीनं घासले असते त काम भागलं असतं,” तो म्हणाला. “आता मातीनंबी नाई भागत. गाडीवर टाक सायकल, बस वर.”

“गाडीत घातली की बाद.”

“पयला आला त काय भेटते?”

“पितळेचा एक कप.”

“अन् शेवटचा आला त?”

“बसून पोचलो तर पुढच्या वर्षी आमच्या पोरांना येऊ देतील.”

“मंग शेवटचाच ये ना बाप्पा! पन जिता ये.” असं म्हणून तो कोयता घेऊन झाडीत शिरला. धावड्याची एक पडलेली फांदी, माणसापेक्षा लांब, पानापाचोळ्यासकट ओढत घेऊन आला. एक जाड वेल तोडली आणि फांदीचा बुडखा माझ्या सीटखालच्या दांड्याला आवळून बांधला. मी बसून पाहिलं. सायकल मागे ओढल्यासारखी जड झाली. “हँडल इतलं आवळून धरू नको,” तो म्हणाला. “भार फांदीवर सोड. तू फक्त पुढं पाह्य, मांगचं फांदी पाह्यते. वळनावर डोंगराच्या अंगानं जाजो, फांदी झोका घेते. घाई करशीन त मरशीन.”

मी निघालो. पहिली दोन वळणं हात आवळलेलेच होते. फांदी रस्त्याला खरडत होती, धूळ उडवत होती, आणि माझं मन अजूनही त्या निरुपयोगी ब्रेकांवर होतं. बोटं दाबायचं सोडत नव्हती. तिसऱ्या वळणावर मी दमलो. खरोखर दमलो, म्हणून बोटं सुटली. आणि सायकल स्वतःच्या चालीनं, बैलाच्या चालीपेक्षा जरा जास्त, शांतपणे वळण घेऊन खाली आली. त्यानंतरचा घाट मी पहिल्यांदा पाहिला. खालच्या मैदानात सांडलेलं ऊन पाहिलं, एका दगडावर पंख सुकवत बसलेला पक्षी पाहिला. मी शरण हा शब्द हजार वेळा म्हटला असेल, जुळवला तर त्याहून जास्त. त्याचा अर्थ माझ्या लेखी हरणं होता, म्हणून पत्रकात मी तो कधी वापरत नसे. फांदीवर भार सोडून उतरताना मला हरल्यासारखं वाटलं नाही. कोणीतरी मागून धरलं आहे आणि ते धरणं नीट आहे, एवढंच वाटत होतं. कोणी धरलं आहे, हे मी वळून पाहिलं नाही.

नाक्यावर मंडळाचे लोक, सातही स्पर्धक आणि आमच्या वस्तीतला माझा मित्र सुदाम असे सगळे उभे होते. मला पाहून आधी हशा पिकला. “अबे, झाडच उपटून आनलं लेकाच्यानं!” मी रेषा ओलांडली, पाय टेकवले. सुदाम धावत आला, ब्रेक दाबून पाहिले आणि माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “यायनंच केलं न बे हे? बोल तू. मी आज सायंकाळी सभा घेतो.” चिटणिसांचा चेहरा उतरला. एका सभासदानं तेवढ्यात बोलून घेतलं, “हे पहा, बिनब्रेकची सायकल आणली असेल तर बादच धरावी लागेल.”

इथं मी थांबलो. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरत होतं. माझ्या पत्रकाला ते घाबरत होते. संशय त्यांच्यावर ठेवून मी शिफारशीची अट तिथल्या तिथं काढून घेतली असती. आणि खरं बोललो तर तो सभासद मला बाद करायला मोकळा होता. वस्तीतल्या त्या पोरांचे चेहरे दिसत होते. पण घाटात ज्यानं मला धरलं होतं त्याच्यासमोरच उभा आहे असं काहीतरी वाटलं, आणि खोटं तोंडात येईना. मी म्हणालो, “कोणी काही केलं नाही. मीच रॉकेलनं धुतले. टाइपासारखे. चूक माझी आहे.”

“येडा झाला काय बे!” सुदाम ओरडला.

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. मग फांदीकडे, मग हातातल्या कागदाकडे. “बसून आलास?” त्यांनी विचारलं.

“बसून आलो. वर एकदा पडलो. एका गाडीवानानं ही फांदी बांधून दिली. पायी एक पाऊल उतरलो नाही.”

“नियमात फांदीबद्दल काही नाही,” ते त्या सभासदाला म्हणाले आणि आठव्या जागी माझं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर हळूच मला म्हणाले, “हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं.” मी म्हणालो, “मला चाललं नसतं.” मग मात्र त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली.

मी गाडीवानाची वाट पाहत नाक्यावर बसलो. ट्रक गेला, सुदाम माझ्यावर रुसून गेला, दुपार कलली. बांबूची गाडी आली नाही. नाकेदार म्हणाला, आज बांबूची एकही गाडी उतरली नाही. घाटाच्या पायथ्याशी खेड्यांकडे फुटणाऱ्या दोन-तीन वाटा आहेत, त्यांतल्या एखादीनं तो गेला असेल. मी यावर अधिक काही म्हणत नाही. पुढे एका सुट्टीच्या दिवशी मी महानुभावांच्या रिद्धपूरला गेलो, बांबू कदाचित तिकडच्या मठासाठी असतील या अंदाजानं. विचारलं तर तिथले म्हातारे म्हणाले, “नाव काय त्याचं?” आणि मला सांगता येईना. त्यानं माझं विचारलं नव्हतं, मी त्याचं विचारलं नव्हतं. त्यांनी मला सावलीत बसवलं, जेवू घातलं. एक जण म्हणाला, “भेटला ना तुमाले? मंग झालं.” त्यांच्यावर लिहिलेल्या पत्रकाबद्दल मी तिथंच सांगून टाकलं. ते हसले. कोणीतरी अजून एक भाकर वाढली.

दुसऱ्या वर्षी अर्जावरून ती अट गेली आणि आमच्या वस्तीतले तिघं घाट उतरले. त्यांतला सुदाम शर्यतीत चौथ्या नंबरानं आला आणि आता माझ्याशी बोलतो. मी अजून पत्रकं लिहितो, आणि अन्यायाविरुद्ध पूर्वीइतकाच कडक लिहितो. त्यात नरमाई आलेली नाही आणि येऊ नये. पण लिहिण्याआधी आता जरा बसतो. त्या गाडीवानाला कोणी पाठवलं, की तो आपल्या कामाला चाललेला एक भला माणूस होता, याचा निकाल मी लावत नाही. लावायची गरज वाटत नाही. माझे हात रिकामे झाले तेव्हा मदत आली, आणि हात आवळलेले असताना ती दारात येऊनही मी तिला ओरडून घालवली होती, इतकं मला स्वच्छ दिसतं. त्या अनोळखी माणसाला, त्याच्या बैलांना आणि ज्या वाटेनं ते त्या दिवशी आले त्या वाटेला माझं वंदन आहे.